दहावीची स्पर्शिका आणि विहिरीकाठची वाट



घरात दहावीला बसलेला मुलगा किंवा मुलगी असेल, तर संध्याकाळी कंपासपेटी उघडून ते मूल काय करीत आहे हे एकदा जवळ बसून पाहा. २०१८ साली आलेल्या दहावीच्या गणित भाग २ या पुस्तकात ‘भौमितिक रचना’ नावाचे प्रकरण आहे. त्यात एक रचना येते : वर्तुळाच्या बाहेरील बिंदूतून वर्तुळाला स्पर्शिका काढणे. मूल एक वर्तुळ काढते, बाहेर एक टिंब देते, दोन-चार कंस मारते आणि त्या टिंबापासून दोन रेघा ओढते. रेघा वर्तुळाला नुसत्या टेकतात, आत शिरत नाहीत. मग बापाने विचारले, ‘याचा उपयोग काय रे?’ तर बहुतेक मुले सांगतात, ‘परीक्षेला येते.’

उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. ही रचना मुळात खुंटी आणि दोरीची आहे. तुमच्या विहिरीजवळून ट्रॅक्टरची वाट कुठून न्यावी, हे ती हातभर चूक न होता सांगते. ते कसे, एवढेच आज सांगायचे आहे. थोडा हिशेब येईल, पण ज्याला पाढे येतात त्याला तो जड जाणार नाही.

आधी स्पर्शिका म्हणजे काय ते पाहू. वर्तुळाला एकाच बिंदूत टेकणारी सरळ रेघ म्हणजे स्पर्शिका. जिथे ती टेकते तो स्पर्शबिंदू. तिची खूण एकच आणि पक्की : केंद्रापासून स्पर्शबिंदूपर्यंत दोरी ताणली, तर त्या दोरीचा आणि स्पर्शिकेचा काटकोन होतो. गवंड्याचा गुण्या तिथे बरोबर बसतो.

हे शब्द नवे वाटतील, पण ज्यांनी ज्वारीची राखण केली आहे त्यांच्या हाताला ही गोष्ट ठाऊक आहे. डोक्याभोवती आडवी गोफण फिरवताना दगड वर्तुळात फिरतो. एक दोरी सोडली की तो पुढे गोल जात नाही. त्या क्षणी जिथे असेल तिथल्या स्पर्शिकेने सरळ निघतो. (मग आपल्या वजनाने खाली येतो, ते निराळे.) म्हणजे पाखरांचा थवा हा बाहेरचा बिंदू झाला आणि गोफणीचा फेर हे वर्तुळ. थव्यापासून त्या वर्तुळाला दोन स्पर्शिका निघतात. एक डाव्या अंगाला टेकते, एक उजव्या. गोफण ज्या बाजूने फिरते तिच्याप्रमाणे त्यांतली एकच कामाची. दुसऱ्या ठिकाणी दोरी सोडली तर दगड थेट पाठीमागे जातो. नवशिके पोर दगड समोर थव्याच्या रोखाने आला की दोरी सोडते आणि दगड बाजूच्या रानात पडतो. मुरलेला राखण्या दगड आडव्या अंगाला, थव्याच्या रोखाशी जवळजवळ काटकोनात असताना सोडतो. त्याला काटकोन हा शब्द कोणी शिकवलेला नसतो. बैलगाडीच्या किंवा सायकलच्या चाकावरून उडणारा चिखलही असाच, स्पर्शिकेने उडतो.

आता वहीतली रीत. मुलाला वही आणायला सांगा आणि पुढचे वाचून दाखवा. केंद्र ‘क’ घेऊन २.५ सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढायचे. केंद्रापासून ६.५ सेंटिमीटरवर बाहेर ‘ब’ बिंदू द्यायचा. ‘क’ आणि ‘ब’ जोडायचे आणि त्या रेघेचा मध्य ‘म’ काढायचा. तो दोन्हीकडून सव्वातीन सेंटिमीटरवर येईल. आता कंपासचे टोक ‘म’वर ठेवून, ‘क’ आणि ‘ब’ यांमधून जाणारे दुसरे वर्तुळ काढायचे. ते पहिल्या वर्तुळाला दोन ठिकाणी छेदते. ते दोन स्पर्शबिंदू. एकाला ‘स’ म्हणू. ‘ब’पासून ‘स’पर्यंत पट्टीने रेघ ओढली की स्पर्शिका झाली.

असे का होते? ‘म’पासून ‘क’, ‘ब’ आणि ‘स’ ही तिन्ही सारख्याच अंतरावर आहेत. म्हणून ‘म-स’ जोडले की दोन समद्विभुज त्रिकोण होतात, आणि प्रत्येकाचे पायाकडचे दोन कोन सारखे. मोठ्या त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंश. त्यातला ‘स’जवळचा कोन हा उरलेल्या दोघांच्या बेरजेएवढा ठरतो, म्हणून तो निम्मा, म्हणजे ९० अंश. काटकोन मिळाला, म्हणजे स्पर्शिकेची खूण पटली.

पुष्कळ मुले हा सगळा खटाटोप न करता पट्टी वर्तुळाला टेकवून रेघ मारतात आणि गुण गेले म्हणून रडतात. गुरुजी गुण कापतात ते योग्यच करतात. २.५ सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळाला पट्टी अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाली, म्हणजे पेन्सिलीच्या रेघेच्या जाडीएवढी, तरी टेकण्याची जागा दोन्हीकडे अर्धा-अर्धा सेंटिमीटर अंधूक होते. रेघ डोळ्याने साधारण येते. बिंदू येत नाही. शेतातही हेच होते. पाच मीटर व्यासाच्या विहिरीच्या कठड्याला दोरी टेकवताना ती एक सेंटिमीटर हलली, तर टेकण्याची जागा दोन्ही बाजूंना सुमारे २२ सेंटिमीटर सरकू शकते.

आता विहिरीकडे येऊ. पूर्वी विहिरीजवळून बैलगाडी जायची. बैलांना विहीर ठाऊक असते, ती आपणहून अंग चोरतात. ट्रॅक्टरला विहीर ठाऊक नसते. त्यातून मागे उसाची किंवा शेणखताची भरलेली ट्रॉली असली की आणखी एक गोष्ट घडते, आणि ती चालवणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. ट्रॅक्टर वळतो तेव्हा ट्रॉलीची चाके ट्रॅक्टरच्या चाकोरीतून जात नाहीत. ती वळणाच्या आतल्या बाजूने कापतात. विहिरीला वळसा घालून वाट केली असेल तर ही आतली बाजू म्हणजे विहिरीची बाजू. पुढे बसलेल्याला वाटते आपण चांगले हातभर दूर आहोत, आणि मागचे चाक काठ गाठते. पावसाळ्यात काळ्या जमिनीत काठ आधीच भिजून हलका झालेला असतो. म्हणून माझे म्हणणे असे की विहिरीजवळून जाणारी वाट सरळ असावी, वळण तिथे नसावे. फाटकापासून निघून विहिरीला ठरावीक अंतर राखून सरळ निघून जाणारी रेघ म्हणजे स्पर्शिकाच.

पण वहीतली रीत इथे अडते. विहिरीचे केंद्र पाण्यावर अधांतरी आहे, तिथे खुंटी कशी ठोकणार? घाबरू नका. केंद्रात न जाता काम होते.

समजा, विहिरीचा कठडा गोल आहे आणि त्याच्या बाहेरून फिरवलेला टेप १५ मीटर ७० सेंटिमीटर भरतो. त्याला ३.१४ ने भागा. व्यास ५ मीटर आला. आता विहिरीपासून दूर एक खुंटी ठोका. तिला दोरी बांधून कठड्याकडे फिरवा आणि सर्वांत कमी अंतर कुठे भरते ते पाहा. सर्वांत कमी अंतर नेहमी केंद्राच्या रोखातच असते. ते ४ मीटर आले असे धरू. म्हणजे खुंटीपासून जवळचा काठ ४ मीटरवर आणि त्याच रोखात पलीकडचा काठ ४ अधिक ५, म्हणजे ९ मीटरवर. या दोन आकड्यांचा गुणाकार करा : ३६. त्याचे वर्गमूळ ६. बस्स. खुंटीपासून ६ मीटर दोरी घेऊन ती कठड्याला जिथे बरोबर पुरते, तिथे स्पर्शबिंदू. डावीकडे एक, उजवीकडे एक. दोरी सगळी विहिरीच्या बाहेरून जाते. कोणाला वाकावे लागत नाही.

मुलाला हा गुणाकार कुठून आला असे विचारा. केंद्रापर्यंतचे अंतर ६.५, त्रिज्या २.५. पायथागोरसच्या प्रमेयाप्रमाणे ६.५ चा वर्ग वजा २.५ चा वर्ग. वर्गांची वजाबाकी म्हणजे बेरीज गुणिले वजाबाकी : ९ गुणिले ४. पुस्तकात हेच स्पर्शिका-छेदिकेचे प्रमेय म्हणून येते. वहीतल्या आकृतीतही ‘ब’पासून ‘स’ ६ सेंटिमीटरच भरेल, कारण मी मापे मुद्दाम तीच घेतली आहेत; वहीतला एक सेंटिमीटर म्हणजे शेतातला एक मीटर. वर्गमूळ सुटत नसेल तर हातातल्या मोबाइलवर काढा, त्यात कमीपणा नाही.

खुंटी काठापासून त्रिज्येपेक्षा जास्त दूर असेल, तर वहीतली मध्यबिंदूची रीतही शेतात जमते, कारण मग मध्य विहिरीच्या बाहेर, कोरड्या जमिनीवर येतो. आपल्या उदाहरणात तो खुंटीपासून सव्वातीन मीटरवर, काठाच्या पाऊण मीटर अलीकडे पडतो. तिथून सव्वातीन मीटर दोरी फिरवली की कठड्यावर तेच दोन बिंदू मिळतात. मात्र ही दोरी विहिरीच्या तोंडावरून जाते, म्हणून पडताळ्यापुरती ती ठीक. मुलांच्या हाती देऊ नये. मला गुणाकाराची रीत अधिक पसंत आहे.

कोणी म्हणेल, कठड्याला दोरी टेकवून रेघ मारली की झाले, एवढा हिशेब कशाला? कारण वाट कठड्याला घासून न्यायची नाही. समजा, काठापासून अडीच मीटर जागा मोकळी सोडायची ठरवली. (हा आकडा उदाहरणाचा आहे. जमीन भुसभुशीत असेल, काठ ढासळलेला असेल तर जास्त सोडा.) म्हणजे विहिरीभोवती ५ मीटर त्रिज्येचे एक मोठे वर्तुळ झाले. पण ते वर्तुळ जमिनीवर कुठेच नाही. टेकवायला तिथे भिंत नाही, कठडा नाही. दिसत नसलेल्या वर्तुळाला टेकणारी रेघ डोळ्याने कशी आखणार? इथेच हिशेब लागतो.

फाटकाचा खांब काठापासून साडेदहा मीटरवर आहे असे धरा. मग केंद्र १३ मीटरवर आले. मोठ्या वर्तुळाचा जवळचा काठ ८ मीटरवर आणि लांबचा १८ मीटरवर. आठ गुणिले अठरा, १४४. वर्गमूळ १२. आता एकाने खांबाशी टेप धरावा. दुसऱ्याने १२ मीटरची खूण ताणून कमानीत फिरावे. तिसऱ्याने अडीच मीटरचा सरळ बांबू कठड्याला आडवा, गुण्यात लावून कठड्याच्या कडेकडेने सरकत यावे. १२ मीटरची खूण आणि बांबूचे बाहेरचे टोक जिथे भेटेल तिथे खुंटी ठोकावी. खांब ते खुंटी दोरी ताणून पुढे तशीच सरळ वाढवावी. ही तुमच्या वाटेची आतली कड. पडताळा सोपा आहे : तोच बांबू घेऊन दोरीच्या कडेने चालत जा आणि विहिरीकडे रोखून पाहा. फक्त खुंटीजवळ तो कठड्याला पोचेल. इतर सगळीकडे तोकडा पडेल. कारण स्पर्शबिंदू हीच त्या रेघेवरची विहिरीला सर्वांत जवळची जागा असते. दोन ठिकाणी पोचला तर दोरी आत शिरली आहे. कुठेच पोचला नाही तर जागा उगाच वाया जाते आहे.

फाटकातून अशा दोन वाटा निघतात, विहिरीच्या दोन्ही अंगांनी. कोणती घ्यायची हे गणित सांगत नाही, जमीन सांगते. जिकडे मुरूम वर आहे, पाट आडवा येत नाही, तिकडची घ्या. पंपाची खोली आणि विजेची तार कुठे आहे तेही पाहा. पुढे वळायचे असेल तर ट्रॉलीचे शेवटचे चाक खुंटीच्या पुढे जाईपर्यंत सरळ चला, मगच वळा.

मघाशी जे ५, १२ आणि १३ हे आकडे आले, ते फार जुने आहेत. यज्ञवेदी आखण्यासाठी आपल्याकडे शुल्बसूत्रे रचली गेली. शुल्ब म्हणजे दोरी. बौधायनाच्या शुल्बसूत्रात काटकोनाच्या बाजूंच्या ज्या जोड्या दिल्या आहेत त्यांत ३ आणि ४ आहेत, तशाच १२ आणि ५ आहेत. गवंडी आजही पाया आखताना ३-४-५ ची दोरी धरतात. ग्रीक पंडित युक्लिड याने इसवी सनापूर्वी सुमारे ३०० च्या सुमारास लिहिलेल्या भूमितीच्या तिसऱ्या भागात सतरावी गोष्ट आहे ती हीच : दिलेल्या बिंदूतून वर्तुळाला स्पर्शिका काढणे. त्याची रीत निराळी आहे, पण तीत केंद्रावर कंपास ठेवावा लागतो, म्हणून विहिरीला ती सोयीची नाही.

भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या ‘लीलावती’त वर्तुळाची जीवा आणि शर यांचे गणित आहे. शर म्हणजे जीवेच्या मध्यापासून काठापर्यंतचा बाण. त्या गणिताचा आपल्याला रोकडा उपयोग आहे. पुष्कळ विहिरींना एका अंगाला बाभळ नाहीतर घाणेरी माजलेली असते, टेप सगळीकडून फिरत नाही, मग व्यास कसा काढायचा? चार मीटरचा सरळ बांबू घ्या. तो बाहेरून कठड्याला अशा बेताने टेकवा की दोन्ही टोकांपासून कठड्यापर्यंतचे अंतर सारखे भरेल. अंतर मोजताना गुण्या लावून, बांबूशी काटकोनात मोजा. अंतरे सारखी झाली की बांबूचा बरोबर मध्य कठड्याला टेकलेला आहे. म्हणजे न दिसणारा स्पर्शबिंदूही तुम्हाला सापडला. अर्धा बांबू २ मीटर. त्याचा वर्ग ४. टोकाचे अंतर समजा १ मीटर आले. चाराला एकाने भागा, वर एक मिळवा. व्यास ५ मीटर. मला ही रीत सगळ्यांत आवडते, कारण तिला विहिरीच्या एकाच बाजूची चार पावले जागा पुरते.

जुन्या विहिरी अगदी गोल नसतात. दोन-तीन ठिकाणी बांबू लावून पाहा आणि जो व्यास मोठा येईल तो धरा. चौकोनी विहीर असेल तर एवढा खटाटोपच नको, कोपऱ्यापासून अंतर धरून दोरी लावा. मापे फुटांत घेतलीत तरी चालेल, फक्त सगळी एकाच मापात घ्या. दोरी सुताची किंवा काथ्याची असेल तर ओली झाली की तिची लांबी बदलते, आणि नायलॉनची ओढली की लांबते. म्हणून दोरी आखणीला, मोजणीला टेप. कठडा उंच असेल तर टेप खाली-वर तिरपा धरू नका, पातळीत धरा. तिरप्या टेपावर अंतर जास्त भरते आणि खुंटी आत सरकते.

आणि ज्या विहिरीला कठडा नाही, तिथे मुलांना मोजणीला मुळीच नेऊ नका. आधी कठडा बांधा. तोवर खळ्यावर सराव करा. मधला तिवडा हे केंद्र, बैल फिरतात तो फेर हे वर्तुळ. आता मळणीयंत्रामुळे खळी कमी झाली आहेत; तिवड्याऐवजी अंगणात एक खुंटी ठोकून दोरीने गोल काढला तरी वहीतली सगळी रचना जशीच्या तशी करता येते. मुलगी असेल तर तिच्याच हाती टेप द्या. बहुतेक घरांत खुंटी धरायला मुलीला उभे करतात आणि माप वाचायला मुलाला, हे मी फार पाहिले आहे.

आखणी उन्हाळ्यात, पेरणीपूर्वी जमीन कोरडी असताना करावी. दोरीवरून फक्की टाकून घ्यावी आणि स्पर्शबिंदूच्या जागी खुंटी काढून मोठा दगड अर्धा गाडून चुन्याने पांढरा करावा, म्हणजे रात्री ट्रॅक्टरच्या उजेडात तो लांबून दिसेल. भाड्याने ट्रॅक्टर घेऊन येणाऱ्याला वाट ठाऊक नसते. त्याला फाटकातच सांगून ठेवा की चाक त्या पांढऱ्या दगडाच्या बाहेरून जाऊ द्या आणि दगड मागे पडेपर्यंत स्टेअरिंग वळवू नका.